‘खाली बघू नकोस’ म्हणण्याआधी

नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेला असलेल्या हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांपाशी सुट्टीच्या दिवशी सकाळी थांबलं, तर ठरावीक वाक्यं कानावर पडत राहतात. “खाली बघू नकोस.” “काही होत नाही गं, चल.” “डोळे मिट, मी धरलाय हात.” “एकदा वर पोचलास ना, की जाते भीती.” ज्याला किंवा जिला उद्देशून हे चाललेलं असतं, ती व्यक्ती मधल्याच एखाद्या पायरीवर कातळाला चिकटून बसलेली असते. बोटं खोबणीत रुतलेली, पोटऱ्यांना कंप, तोंडाला कोरड. मागे रांग खोळंबलेली. सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण चारही वाक्यांत काही ना काही गडबड आहे, आणि ती कोणती हे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या संशोधनातून बरंचसं उलगडलं आहे.

आधी ही जागा नीट बघू. समुद्रसपाटीपासून सुमारे ११२० मीटर उंच असलेला हा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी तो पाहायला आलेल्या कॅप्टन ब्रिग्जने करून ठेवलेलं वर्णन आजही तंतोतंत लागू पडतं. भिंतीला दोनशे फुटी शिडी लावावी तशी ही चढण आहे, हातांना आधार मिळावा म्हणून कातळात भोकं खोदली आहेत, दार ओलांडल्यावर खडकाखालून जाणारी वाट लागते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला कठडा नाही, नुसता कडा आहे. त्यानंतर पायऱ्यांचा दुसरा टप्पा येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. शेवटी एका वेळी एकच माणूस सरपटत जाईल एवढी फट. लढाया बघितलेल्या लष्करी अधिकाऱ्यालाही या चढणीची धास्ती लपवता आली नाही. नाशिक भागातल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा त्या काळात इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या, आणि आज समाजमाध्यमांवरच्या फोटोंमुळे त्यांच्यावर गर्दीचा लोंढा आहे. त्यातले पुष्कळ जण आयुष्यात पहिल्यांदाच अशा जागी उभे असतात.

त्यातल्या किती जणांचे पाय लटपटत असतील? म्युनिकच्या विद्यापीठातल्या डोरीन हुपर्ट, थॉमस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत साडेतीन हजारांवर सर्वसामान्य लोकांना विचारलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार २८ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी उंचीवर उभं राहिल्यामुळे त्रास झालेला होता. बायकांमध्ये हे प्रमाण ३२ टक्के, पुरुषांमध्ये २५. म्हणजे ‘मुली घाबरतात’ म्हणून हसणाऱ्या टोळक्यातही चौघांत एक जण मनातून हादरलेला असण्याची शक्यता आहे. तो फक्त मोठ्याने विनोद करत असतो. मानसोपचाराच्या व्याख्येत बसणारा खराखुरा भयगंड, म्हणजे ज्यापायी माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे जायचंसुद्धा टाळतो, तो यापेक्षा पुष्कळ कमी लोकांना असतो. बाकीचे मधल्या प्रदेशात. त्यांचं रोजचं आयुष्य बिनघोर चालू असतं आणि मग एखाद्या सहलीत, एखाद्या आडव्या वाटेवर, अचानक पाय उचलेनासा होतो.

सह्याद्रीत भटकणारी जुनी मंडळी अशा वाटेला ‘दृष्टिभय असलेली वाट’ म्हणतात. म्युनिकच्या संशोधकांनाही भीतीची सुरुवात नजरेतच सापडली.

उभा असलेला माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो. शरीर सतत मागेपुढे थोडं थोडं डुलत असतं आणि मेंदू ते सावरत असतो. डुलल्याची खबर त्याला तीन ठिकाणांहून मिळते: कानाच्या आतल्या भागातली तोलाची यंत्रणा, तळपाय आणि सांध्यांतल्या संवेदना, आणि डोळे. डोळ्यांचं काम साधं आहे. डोकं हललं की समोरची वस्तू उलट दिशेला किंचित सरकल्यासारखी दिसते आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण कललो. आता हिशेब करून पाहा. डोकं दोन सेंटिमीटर हललं आणि समोरची भिंत एक मीटरवर असली, तर ती साधारण एक अंशाने सरकते. डोळ्याला हे सहज कळतं. पण समोरची सगळ्यांत जवळची वस्तू वीस मीटरवर असली, तर तीच हालचाल अंशाच्या विसाव्या भागाइतकी उरते. आणि समोर पलीकडचा डोंगर असला, तर हालचाल जवळजवळ नाहीच. ब्रांट आणि सहकाऱ्यांनी १९८० साली हेच दाखवलं, की जवळची स्थिर वस्तू नजरेच्या टापूतून गेली की डोळे तोलाच्या कामातून जवळपास बाद होतात. पाय आणि कान सांगतात ‘हललो’, डोळे म्हणतात ‘काहीच हललं नाही’. शरीर मग नेहमीपेक्षा जास्त डुलतं, उशिरा सावरतं, आणि माणसाला वाटतं की आपला तोल जातोय.

तर ‘काही होत नाही’ हे वाक्य इथे पहिल्यांदा पडतं. काहीतरी होत असतं. कड्याच्या टोकाशी उभ्या माणसाचा तोल मोजण्याइतपत बिघडलेला असतो आणि त्याच्या शरीराला ते खरोखर जाणवत असतं. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणं म्हणजे ताप आलेल्याला थर्मामीटर न लावताच ठणठणीत ठरवणं.

खरी मजा पुढे आहे. मेंदू ही गडबड दुरुस्त करायला जे काही करतो, त्याने ती वाढते. म्युनिकमध्ये एका इमारतीच्या वीस मीटर उंचीवरच्या आपत्कालीन गॅलरीत उंचीचा त्रास असलेल्या आणि नसलेल्या लोकांना उभं करून, चालवून, त्यांच्या डोळ्यांच्या आणि डोक्याच्या हालचाली टिपल्या गेल्या. त्रास नसलेले लोक इकडेतिकडे, वरखाली, मजेत बघत होते. त्रास असलेल्यांची मान आखडलेली, नजर क्षितिजावर खिळलेली, पायांचे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी ताणलेले, पावलं आखूड आणि संथ. थोडक्यात, ते लाकडासारखे झाले होते. ताठरलेल्या शरीराला बारीक तोल सावरता येत नाही, आणि एकाच लांबच्या बिंदूवर खिळलेल्या नजरेला तर आधारच सापडत नाही, कारण आधार जवळच्या वस्तूंमध्ये असतो.

हरिहरवर लोक कुठे अडकतात ते पाहिलं की हे सगळं जागेवर पडताळता येतं. पायऱ्यांचा पहिला टप्पा दिसायला सगळ्यांत भयानक, फोटोही त्याचेच निघतात. पण चढताना तोंड कातळाकडे असतं, नाकापासून फूटभरावर काळा दगड असतो, हाताला खोबण्या असतात. डोळ्यांना भरपूर काम मिळतं. म्हणून खाली उभं राहून घाबरलेले कितीतरी लोक हा टप्पा बऱ्यापैकी चढून जातात आणि फसतात ते दार ओलांडल्यावरच्या त्या आडव्या वाटेवर. तिथे चढ नाहीच, चालायला वाट आहे, पण एका बाजूला एकदम मोकळी दरी उघडते. अडचण अशी, की वरचा खडक खाली आलेला असल्यामुळे वाकून चालावं लागतं. त्या नादात डोकं कलतं, कानातल्या तोलयंत्राला नेहमीपेक्षा वेगळ्या खबरी मिळतात, आणि बिचाऱ्याला कळत नाही की ‘एवढा कडा चढून आलो आणि या सपाट वाटेवर मला काय झालं?’

मग ‘खाली बघू नकोस’चं काय? हा सल्ला अर्धा खरा आहे. दरीच्या तळावर नजर रोवून उभं राहण्यात काही शहाणपण नाही हे मान्य. पण ऐकणारा त्याचा अर्थ असा घेतो की मान वर, नजर समोरच्या डोंगरावर, आणि पाय चाचपडत पुढे. ही तीच लाकडी अवस्था झाली. शिवाय झिजलेल्या, मध्येच फुटलेल्या पायऱ्यांवर पायाकडे न बघता पाऊल टाकणं सरळसरळ धोक्याचं. अनुभवी लीडर म्हणूनच ‘बघू नकोस’ म्हणत बसत नाहीत, ते काय बघायचं ते सांगतात: “डाव्या हाताची खोबण बघ. धरलीस? आता उजव्या पायाखालची पायरी बघ.” नजर जवळच्या, स्थिर, उपयोगी वस्तूंवर फिरत राहते आणि डोळे पुन्हा कामाला लागतात. पाठ किंवा हात कातळाला टेकवल्यानेही असंच होतं. मेंदूला स्पर्शाची एक जादा खबर मिळते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे ट्रेकर पालथे झोपून, कोपरांवर सरकत, फक्त डोकं कड्याबाहेर काढून खाली बघत आले आहेत. आत वळलेल्या त्या कड्याखाली हजार फुटांहून जास्त पोकळी असते, पण आडवं झालेल्या माणसाला उभ्यापेक्षा कितीतरी कमी भीती वाटते. हे फक्त सुरक्षित आहे म्हणून नव्हे; झोपलेल्या शरीराला डुलायलाच जागा नसते, त्यामुळे सावरण्याचं कामच उरत नाही. म्युनिकची मंडळी हाच सल्ला देतात: उंचीवर त्रास व्हायला लागला की टेका, बसा, जमलं तर आडवे व्हा. त्यांची आणखी एक सूचना पावसाळ्यात भटकणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे, ती म्हणजे हलत्या ढगांकडे टक लावून बघू नका. दरीतून वर येणारं धुकं अख्खी नजर व्यापतं आणि आपणच सरकतोय असा भास होतो. कोकणकड्यावर ढग बघायलाच तर लोक जातात, हे खरं. त्यांनी ते बसून बघावेत.

डोळ्यांची फसवणूक एवढ्यावर थांबत नाही. हरिहरच्या पायऱ्या किती उभ्या आहेत, याचं उत्तर ट्रेकर हमखास ‘ऐंशी अंश’ असं देतात. काही वर्णनांत साठही सापडतात. फरक वीस अंशांचा, म्हणजे थोडाथोडका नव्हे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की माणसाचा चढाचा अंदाज सपशेल चुकतो: दहा अंशांचा उतार लोकांना तीसएक अंशांचा वाटतो, पाच अंशांचा वीस. पाठीवर जड सॅक असली किंवा माणूस दमलेला असला तर चढ आणखी उभा दिसतो, असंही त्यांनी पुढे मांडलं. त्यावर मात्र इतर संशोधकांनी बरेच आक्षेप घेतले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. उंचीबाबतचा निष्कर्ष त्या मानाने सोपा. जीनीन स्टेफानुची आणि प्रॉफिट यांच्या प्रयोगांत, खालून वर बघणाऱ्यापेक्षा वरून खाली बघणाऱ्याने तीच उंची जास्त सांगितली, आणि ज्यांना उंचीची भीती अधिक त्यांचा आकडाही अधिक फुगलेला निघाला. ‘चढताना एवढं उंच वाटलं नव्हतं’ ही उतरणाऱ्यांची तक्रार म्हणजे नुसतं रडगाणं नसतं तर.

भीती येते कुठून, याचं रूढ उत्तर म्हणजे ‘लहानपणी कधीतरी पडला असेल’. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. कोण कधी पडलं, कोणाला कधी इजा झाली, याच्या नोंदी तिथे होत्याच. रिची पोल्टन आणि सहकाऱ्यांनी त्या १९९८ साली तपासल्या, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. नऊ वर्षांच्या आत पडून जबर दुखापत झालेल्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी उंचीची भीती जास्त नव्हती. ती जास्त आढळली न पडलेल्यांमध्ये. याचा एक अर्थ असा लावला जातो की काही मुलं मुळातच बिनधास्त असतात, म्हणून पडतात आणि पडूनही सुधारत नाहीत. झाडावर चढू न देणाऱ्या आईबापांनी या निष्कर्षाचा काय अर्थ घ्यायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

मग भीती जन्मजात का? कॉर्नेल विद्यापीठातल्या एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. एक मोठं टेबल, त्यावर जाड काच. अर्ध्या भागात काचेच्या लगेच खाली चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खूप खाली, जमिनीवर. काच भक्कम, पण बघणाऱ्याला कडा दिसतो. रांगत्या वयाची ३६ बाळं मधल्या फळीवर ठेवली आणि आयांना दोन्ही बाजूंनी हाका मारायला सांगितल्या. हलली ती २७ बाळं उथळ बाजूला आनंदाने गेली. ‘कड्या’वरून आईकडे जायला धजावली फक्त तीन. जन्मजात भीतीचा पुरावा मिळाला असं पुष्कळांना वाटलं. पण पुढे जोसेफ कँपॉस यांनी अजून रांगायला न लागलेल्या बाळांना खोल बाजूवर ठेवून पाहिलं, तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावले, जसे एखादी नवलाची गोष्ट बघताना मंदावतात. भीती आली ती रांगण्याच्या सरावानंतर. खोली कळणं आधीचं, घाबरणं नंतरचं, आणि मधला दुवा म्हणजे स्वतःच्या हातापायांनी हिंडण्याचा अनुभव.

याच मालिकेतला १९८५ सालचा एक प्रयोग प्रत्येक ट्रेक-लीडरला वाचायला द्यावा. जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी काचेखालचा ‘कडा’ जेमतेम ३० सेंटिमीटरचा केला, म्हणजे एक वर्षाच्या बाळाला ठरवता येऊ नये इतका अधलामधला. पलीकडे आई उभी. तिने फक्त चेहरा करायचा, बोलायचं नाही. हसऱ्या चेहऱ्याच्या आयांची १९ पैकी १४ बाळं ओलांडून आली. भेदरलेल्या चेहऱ्याच्या आयांच्या १७ पैकी एकही आलं नाही. जागा संदिग्ध असली की माणूस जवळच्या माणसाचं तोंड वाचतो. मोठेपणीही ही सवय सुटत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर वरून वाकून “अरे बापरे, सांभाळ हं!” असं ओरडणारा मित्र नेमकं काय करत असतो, ते यावरून लक्षात येईल. मुद्दाम पाय ओढून घाबरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

प्रबळमाचीच्या ठाकरवाडीतली मुलं कलावंतीण दुर्गाच्या कठडा नसलेल्या पायऱ्यांवरून धावत जातात, आणि शिमग्याला वाडीतले लोक त्या सुळक्यावर नाच करतात. शहरी ट्रेकर हे बघून ‘यांच्या रक्तातच आहे’ म्हणतो. रक्तात काही नसतं. त्यांच्या मेंदूला लहानपणापासून, रोज, थोडी थोडी उंची मिळालेली असते, इतकंच.

हे मोठेपणी जमवता येतं का? येतं, आणि त्याचा सगळ्यांत जुना तपशीलवार दाखला एका कवीचा आहे. गटे तरुणपणी, १७७०-७१ च्या सुमारास, कायदा शिकायला स्ट्रासबुर्गला होता. उंचीवर त्याला भोवळ येई. तिथल्या कॅथीड्रलचा १४२ मीटरचा मनोरा ही त्या वेळची जगातली सर्वांत उंच इमारत. गटे एकटाच त्याच्या टोकापर्यंत चढायचा, कळसाखालच्या जागेत पाव तास बसायचा आणि मग बाहेरच्या हातभर चौरस फरशीवर येऊन उभा राहायचा. धरायला जवळपास काही नाही, भोवती नुसती मोकळी हवा. त्याचं काही वाटेनासं होईपर्यंत त्याने हे पुन्हा पुन्हा केलं. पुढे डोंगरांतल्या प्रवासात आणि भूगर्भाच्या अभ्यासात या सरावाचा फार फायदा झाला, असं त्याने आत्मचरित्रात नमूद केलं आहे. त्याची पद्धत जरा अघोरी, आणि आज कोणी डॉक्टर तशीच्या तशी सुचवणार नाही. पण तिच्यात पुढच्या काळातल्या उपचाराचं सार आहे: स्वतःच्या इच्छेने जाणं, भीती ओसरेपर्यंत थांबणं, आणि पुन्हा जाणं.

यातलं थांबणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ट्रेकच्या घाईत तेच राहून जातं. भीतीची लाट चढते, शिगेला पोचते आणि माणूस तिथेच टिकून राहिला तर उतरायला लागते. शरीर फार वेळ तेवढ्या ताणात राहूच शकत नाही. पण लाट शिगेला असताना माणूस पळाला, तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. ‘डोळे मिट, हात धर’ हा सल्ला इथे घात करतो. एक तर मिटलेल्या डोळ्यांनी तोल आणखी जातो. दुसरं म्हणजे, दोघांनी ओढत वर नेलेल्या माणसाच्या पदरात काहीच शिकणं पडत नाही. त्याच्या मेंदूच्या लेखी तो वाचला तो मित्रांमुळे. म्हणून ‘एकदा वर पोचलास की भीती जाते’ हेही खरं नाही. असा ओढून नेलेला माणूस माथ्यावर हनुमानाच्या देवळापाशी बसतो, पण त्याचं लक्ष ना समोरच्या भास्करगडाकडे असतं ना वैतरणेच्या पाण्याकडे. त्याला उतरायचं कसं याचा घोर लागलेला असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट बँडुरा यांच्या विचारांवर आधारलेली जी उपचारपद्धत आली, तिच्यात उपचारक सोबत येतो, आधी हात देतो, मग नुसता शेजारी उभा राहतो, मग दूर होतो. मदत असतेच, पण ती हळूहळू काढून घेण्यासाठी असते.

अलीकडे हा सराव आभासी दुनियेतही होतो. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ साली शंभर जणांवर प्रयोग केला. उंचीच्या भीतीने वर्षानुवर्षं जखडलेली ही माणसं. त्यातल्या निम्म्यांना डोळ्यांवर यंत्र चढवून दहा मजली आभासी इमारतीत नेलं, उपचारकही आभासी. दोन आठवड्यांत अर्ध्या अर्ध्या तासाची काही सत्रं झाली आणि भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. डोळ्यांना फसवून आलेली भीती डोळ्यांना फसवूनच घालवली म्हणायची.

सह्याद्रीतल्या माणसाला यंत्राची गरज नाही. इथे सगळ्या इयत्तांचे किल्ले आहेत. लोहगडाच्या रुंद पायऱ्या आणि दरवाजे, मग तिथल्याच विंचूकाट्याची सोंड. नंतर राजगडाचा बालेकिल्ला, जिथे वाट उभ्या कातळातून जाते पण धरायला लोखंडी रेलिंग आहे. मग कलावंतीण, मग हरिहर. अलंग-मदन किंवा लिंगाणा ही दोर, हार्नेस आणि जाणत्या माणसांसोबत करायची पुढची यत्ता. प्रत्येक ठिकाणी भीती वाटेल अशा जागी बसायचं, कातळाला हात लावून आजूबाजूला बघायचं, श्वास सावकाश सोडायचा, आणि छाती शांत झाली की निघायचं. फोटो काढून पळत सुटणाऱ्याला हे साधत नाही.

उंचीवरच्या एका अनुभवाबद्दल मात्र कोणी चारचौघांत बोलत नाही. कड्याच्या टोकाला उभं असताना क्षणभर वाटून जातं, ‘आपणच उडी टाकली तर?’ आणि माणूस स्वतःलाच घाबरतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या जेनिफर हेम्स यांनी २०१२ साली ४३१ विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं. ज्यांच्या मनात जीव देण्याचा विचार कधीही आला नव्हता, अशांपैकीही निम्म्याहून अधिकांना हे वाटून गेलं होतं. हेम्स यांचा तर्क असा, की शरीर धोका ओळखून क्षणात मागे खेचतं. विचार करणारं मन मागाहून येतं आणि कारण शोधू लागतं, ‘मी मागे का सरकलो? जागा तर पक्की आहे. म्हणजे मला उडी मारायची होती की काय?’ हा केवळ तर्क आहे, पण ज्यांना हा विचार छळतो त्यांना तो सर्वसामान्य आहे एवढं कळलं तरी पुष्कळ. एरवीही मनात जगणं नको असे विचार घोळत असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांशी बोलायला हवं. तसंच, सपाट जमिनीवर किंवा अंथरुणात कुशीवर वळताना घर गरगर फिरत असेल, तर तो कानाचा विकार असू शकतो, त्याचा कड्याशी संबंध नाही. आणि उंचीला घाबरून खरोखर बेशुद्ध पडल्याची उदाहरणं अगदी विरळा. भीतीने रक्तदाब वाढतो. शुद्ध हरपायला तो घसरावा लागतो. ‘मला चक्कर येऊन मी खाली पडेन’ ही धास्ती बाळगणाऱ्याला एवढी माहिती पायथ्याशी दिलेली बरी.

उतरणं हीच खरी परीक्षा, हे हरिहर केलेला कोणीही सांगेल. चढताना नजरेसमोर कातळ होता, उतरताना सरळ तोंडाने निघालं तर समोर निर्गुडपाड्यापर्यंतचा सगळा मोकळा प्रदेश. म्हणून तिथे तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतात तसं उलटं उतरावं. दोन हात आणि एक पाय टेकलेला असल्याशिवाय दुसरा पाय हलवू नये. उलटं उतरताना पायरी दिसत नाही, आणि घाबरलेला माणूस पाय हवेत चाचपडत ठेवतो. त्याच्या खाली दोन पायऱ्यांवर एक अनुभवी माणूस असला, तर तो नुसत्या शब्दांनी काम करतो: “अजून चार बोटं खाली. हां, टेकला. डावा हात सोड.” सॅक पाठीला घट्ट बांधलेली असावी, कारण लोंबणारं ओझं माणसाला दरीकडे ओढतं, खाऊच्या पिशव्या हातात नसाव्यात, कारण हरिहरवरची माकडं त्यांच्यासाठीच टपलेली असतात.

आणि काही वेळा भीतीचंच ऐकायचं असतं. भर पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असेल, एकाच माणसाच्या वाटेवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना ढकलत असतील, वरून सुटे दगड येत असतील, तर मागे फिरणारा घाबरट नसतो, त्याचा हिशेब बरोबर असतो. अडचण एवढीच की पायऱ्यांच्या मध्यावर हा हिशेब करून उपयोग नाही. खालून रांग लागलेली असते आणि वळायला जागा नसते. पायऱ्या सुरू होण्याआधी जे पठार लागतं, तिथेच लीडरने प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायला हवं, सगळ्यांसमोर नव्हे, कारण सगळ्यांसमोर कोणी ‘नाही’ म्हणत नाही. जे थांबतील त्यांच्यासोबत एक जाणता माणूस थांबवायचा. जे निघतील त्यांच्यात साशंक माणसाला रांगेच्या शेवटी टाकायचं नाही. लीडरच्या लगेच मागे ठेवायचं, म्हणजे त्याला वर बघितल्यावर चेहरा दिसेल तो लीडरचा.